तळ्यातील साल्विनिया: ओळख, काढणी आणि नंतरची पाळत

गावाने एकत्र येऊन तळे साफ केले, टिपर भरभरून हिरवळ बाहेर काढली, आणि गणेश चवथीपर्यंत पाणी पुन्हा झाकून गेले. गोव्यातल्या अनेक गावांची ही तक्रार आहे. मेहनत कुठेच कमी पडलेली नसते, चुकतो तो कामाचा क्रम. मध्यावरचा जाड थर आधी ओढला जातो, मानशीची (तळ्याचे पाणी सोडण्याच्या फळ्यांच्या दाराची) वाट उघडी राहते, काढलेला ढीग बांधावरच टाकला जातो, आणि काठच्या गवतात अडकलेल्या तुकड्यांकडे कोणी बघत नाही.

साल्विनिया मोलेस्टा ही मूळची आग्नेय ब्राझीलमधली, पाण्यावर तरंगणारी नेचे-जातीची वनस्पती. ती वांझ आहे. तिचे बीजाणू रुजत नाहीत. ती वाढते ती फक्त तुकड्यांतून: खोडाच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो आणि एक पेर सुटून वाहत गेले तरी त्याचे नवे रोप होते. ऊन, उबदार पाणी आणि सांडपाण्याचे खत मिळाले की ती आठवडाभरातही दुप्पट होते. हिशेब करून बघा. तळ्याचा शेकडा ९५ भाग साफ केला आणि ५ भाग राहिला, तर पहिल्या आठवड्याला १०, मग २०, ४०, आणि चौथ्या आठवड्याला ८०. म्हणून शेवटच्या पाच टक्क्यांना पहिल्या पंचाण्णव टक्क्यांइतकीच माणसे आणि तेवढाच वेळ राखून ठेवायला हवा. खालची सगळी मांडणी याच हिशेबावर उभी आहे.

## टप्पा १: आधी खात्री करा

पाण्यावरचे सगळे हिरवे एकसारखे नसते. चुकीची वनस्पती उपटली तर तळ्याचेच नुकसान होते.

एक रोप हातात घ्या. वरच्या बाजूला पानांच्या जोड्या दिसतील. रोप उलटे केले की प्रत्येक जोडीखाली तपकिरी तंतूंचा झुबका लोंबताना दिसेल. तो मुळांसारखा दिसतो, पण ती मुळे नव्हेत. ते तिसरे पान आहे, पाण्याखाली राहून बदललेले. साल्विनियाला खरी मुळे नसतातच.

आता पानाची वरची बाजू मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने किंवा दहापट भिंगाने बघा. केसांच्या रांगा दिसतील. प्रत्येक केसाच्या टोकाला चार फाटे फुटतात आणि ते फाटे शेंड्याला पुन्हा जुळतात, ताकाच्या रवीसारखे. पक्की खूण हीच. पानावर पाण्याचा थेंब टाका. तो पसरत नाही, मणी होऊन केसांवर बसतो. पान बुडवून सोडले तर कोरडेच वर येते. मात्र जुन्या, चुरगळलेल्या पानांचे केस झडलेले असतात, म्हणून तपासणीला कोवळे पान घ्या.

गोंधळ होतो तो हिच्या तीन रूपांमुळे. विरळ असताना पाने १ ते १.५ सेंटिमीटरची, सपाट, पाण्याला चिकटलेली असतात. दाटी वाढली की ती मोठी होतात आणि मध्यशिरेवर किंचित दुमडतात. पूर्ण दाटीत ती उभी, घट्ट मिटलेली आणि ६ सेंटिमीटरपर्यंत जातात. तिन्ही रूपे एकाच वनस्पतीची. लहान रूप ओळखता येणे सगळ्यांत गरजेचे, कारण साफसफाईनंतर परत दिसते ते तेच.

इतर तरंगत्या वनस्पती अशा ओळखा:

- अझोला: काही मिलिमीटरची, खवलेदार, उन्हात लालसर होते.
- लेम्ना: २ ते ५ मिलिमीटरची साधी हिरवी टिकली, केस नाहीत.
- जलपर्णी: फुगीर देठ, जांभळी फुले, खरी लांब मुळे. हिचे बी चिखलात कित्येक वर्षे टिकते, म्हणून हिची पाळत साल्विनियापेक्षा कितीतरी जास्त काळ ठेवावी लागते.
- पिस्टिया: मखमली, फिकट हिरवी पाने एकाच मध्यातून फुटलेली, त्यांवर लांब शिरा उठलेल्या.

हात लावू नका: कमळ, कुमुद, कुमुदिनी, नाळीची भाजी, चार पाकळ्यांच्या पानाची मार्सिलिया आणि देवभात. यांची मुळे चिखलात असतात. देवभात म्हणजे रानटी भात. करमळीच्या तळ्यात पक्ष्यांचे खाणे आणि आसरा या दोन्हींसाठी त्याचे मोल मोठे आहे. कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या अशाच देशी वनस्पतींत घरटी करतात. यंत्र घातले की हे सगळे एका फटक्यात निघते, मग मोकळ्या पाण्यात साल्विनिया पहिली पसरते.

तपासणी: तीन वेगवेगळ्या काठांवरून रोपे घेतली का? रवीसारखा केस निदान दोन ठिकाणी दिसला का? शंका राहिली तर रुपयाचे नाणे शेजारी ठेवून वरून, खालून आणि जवळून फोटो काढा आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. जिवंत रोप पिशवीत घालून गावभर फिरवू नका.

## टप्पा २: तळे कोणाचे, ते आधी विचारा

गोव्यात तळे कोमुनिदादचे (गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेचे) असते, देवस्थानचे असते, पंचायतीचे, जलस्रोत खात्याचे किंवा एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीतले. बांध एकाचा, पाणी दुसऱ्याचे आणि मानशीतली मासेमारी तिसऱ्याने पावणीत (लिलावात) घेतलेली, असेही असते. सगळ्यांशी आधी बोलणे झाले नाही तर ऐन कामाच्या दिवशी कोणीतरी मानस उघडतो आणि अर्धी साल्विनिया खालच्या शेतात जाते.

तळे अधिसूचित पाणथळ असेल तर २०१७ चे पाणथळ नियम लागू होतात. तिथे यंत्र उतरवणे, गाळ काढणे किंवा भराव टाकणे यापूर्वी गोवा राज्य पाणथळ प्राधिकरणाला विचारलेच पाहिजे. कुडचड्याचे नंदा तळे तर २०२२ पासून रामसर स्थळ आहे. गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर अर्ज तिच्यामार्फत करा. तळ्याच्या कामाची नोंद राहण्याची ती योग्य जागा आहे.

## टप्पा ३: मोजल्याशिवाय माणसे बोलावू नका

बांबूची किंवा पीव्हीसी पाइपाची १ मीटर बाय १ मीटरची चौकट करा. ती थरावर ठेवा, आतली सगळी साल्विनिया जाळीत उचला, दहा मिनिटे निथळू द्या आणि काट्यावर वजन करा. पातळ, मध्यम आणि जाड अशा तीन जागी हे करा.

समजा जाड भागात चौरस मीटरला ८ किलो भरले. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे ८० टन ओला माल. दाट पसरलेल्या तळ्यात हा आकडा अजिबात अतिशयोक्त नाही. यातले ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असते, तरी ते माणसांनाच उचलायचे असते. मग दोघांना अर्धा तास दाताळे घेऊन काम करू द्या आणि किती किलो निघाले ते बघा. यावरून किती माणसे, किती दिवस, किती टिपर लागतील ते कळेल. ज्या गावात हे मोजत नाहीत तिथे काम दुसऱ्या रविवारी थांबते, आणि अर्धवट थांबलेले काम म्हणजे साल्विनियाला मोकळी केलेली जागा.

याच फेरीत तळ्याचा कच्चा नकाशा काढा: पाणी आत कुठून येते, मानस कुठे, पाट कुठे जातो, म्हशी कुठे उतरतात, विसर्जनाची जागा कोणती, कुठल्या नाल्यातून सांडपाणी येते. वरच्या अंगाला दुसरे तळे असेल तर तेही चालून बघा. तिथे साल्विनिया असेल तर काम तिथूनच सुरू करायचे. खालचे तळे आधी साफ करणे म्हणजे मेहनत पाण्यात.

## टप्पा ४: वेळ

एप्रिल आणि मे हे सगळ्यांत चांगले महिने. वायंगण (उन्हाळी भात) शेतीला पाणी दिल्यामुळे तळे आटलेले असते, थर लहान जागेत गोळा झालेला असतो, हिवाळी पाहुणे पक्षी गेलेले असतात आणि काढलेला माल कडक उन्हात सुकतो. गोव्यात पाऊस साधारण ५ जूनच्या आसपास येतो. मोठी काढणी १५ मेपर्यंत उरकेल असे धरा, म्हणजे उरलेले तुकडे वेचायला तीन आठवडे हाती राहतील.

पावसाळ्यात मोठी काढणी करू नका. कमळपक्ष्यांची घरटी असतात, ढीग सुकत नाही आणि सांडव्यातून तुकडे खाली वाहतात. पावसात फक्त अडसर (पुढच्या टप्प्यातला तरंगता अडथळा) सांभाळा आणि दिसेल ते हाताने वेचा.

मे महिन्यात दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचे. यात चालढकल नको.

## टप्पा ५: वाट अडवा, मगच हात लावा

पहिल्या दिवशी एकही रोप काढू नका. त्या दिवशी फक्त अडसर बांधा.

चार इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे घ्या, दोन्ही टोके टोपणांनी घट्ट बंद करा आणि नायलॉनच्या दोरीने एकामागे एक जोडा. खाली ३० ते ४० सेंटिमीटर शेडनेट सोडा आणि तिच्या तळाला साखळी किंवा वाळूच्या पुरचुंड्या बांधा. झाकण लावलेले रिकामे डबेही पाइपाऐवजी चालतात. रापणीच्या जुन्या जाळ्याचे तुकडे वापरायचे असतील तर आत बारीक शेडनेट हवीच, कारण साल्विनियाची लहान रोपे मोठ्या भोकांतून आरामात निसटतात.

एक अडसर मानशीच्या आत, फळ्यांपासून तीन-चार मीटर अलीकडे. दुसरा पाणी आत येते तिथे. तळे मोठे असेल तर आणखी अडसर घालून त्याचे भाग पाडा. अडसर दोन्ही काठांना सैल बांधा, म्हणजे पाणी चढले-उतरले तरी तो पाण्यावरच राहील. ताणून बांधलेला अडसर पाणी वाढले की बुडतो आणि सगळे त्याच्यावरून जाते.

खाजनाजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळ) असाल तर: साल्विनियाला खारे पाणी सोसत नाही, समुद्राच्या पाण्यात तर ती अर्ध्या तासात मरते. म्हणून काही ठिकाणी मानस उघडून तळ्यात खारे पाणी घेण्याचा विचार पुढे येतो. तसे करू नका. तळ्याचे मासे आणि खालची शेती दोन्ही जातात, आणि मीठ मातीतून निघायला काही पावसाळे लागू शकतात. नदीतले खारेपण आपल्याला वाचवेल अशा भरवशावरही राहू नका. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते आणि तुकडे त्यातून दूरवर जगत जातात.

तपासणी: अडसराबाहेर, मानशीच्या बाजूला, दुसऱ्या दिवशी सकाळी काही तरंगताना दिसते का? दिसले तर काढणी पुढे ढकला आणि आधी अडसर दुरुस्त करा.

## टप्पा ६: काढणी

क्रम असा ठेवा.

१. मुख्य थरापासून सुटलेले लहान पुंजके आधी उचला. वाढायला सगळ्यांत जास्त मोकळे पाणी त्यांच्याभोवती असते, आणि ते काढायला सगळ्यांत सोपे असतात.

२. मग मुख्य थर, पण काठाकडून आत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो आणि तरंगता थर पूर्वेकडच्या काठाला लागतो. माणसे तिथे उभी करा. होडीतल्या दोघांनी दोरीला बांधलेले जाळे थरामागून फिरवून हळूहळू काठाकडे आणायचे, काठावरच्यांनी दाताळ्याने उचलायचे. ओढताना थर फाटत असेल तर वेग कमी करा. प्रत्येक फाटणे म्हणजे नवे तुकडे.

३. एका वेळी एकच भाग पूर्ण करा. तो साफ झाला की अडसर पुढे सरकवा.

४. शेवटी हाताने वेचणी. यासाठी वेगळे दिवस ठेवा आणि धीराची माणसे निवडा. शाळेची मुले काठावरून नजर ठेवायला उत्तम, पण पाण्यात मोठ्यांनीच उतरायचे. कुठे बघायचे? पाणकणसाच्या बुडांत, केवड्याच्या मुळांत, मानशीच्या फळ्यांच्या फटींत, तळ्याच्या पायऱ्यांच्या सांध्यांत, काठाच्या चिखलात म्हशींच्या खुरांनी झालेल्या खळग्यांत आणि होडीच्या तळाला. खुरांचे खळगे तर हमखास राहून जातात. पाणी आटलेले असताना त्यात दोन पानांचे रोप ओल्या चिखलावर तग धरून असते आणि तळे भरले की अलगद तरंगू लागते.

यंत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे: छोट्या तळ्यात जेसीबी नको. त्याच्या दातांनी रोपांचे तुकडे होतात, बादलीतून गाळासकट मासे आणि कंद येतात, आणि मातीचा जुना बांध त्याच्या वजनाने खचतो. मोठ्या तळ्यात लांब हाताचे पोकलेन लागलेच तर ते पक्क्या रस्त्यावरूनच चालवा, पाणी निथळेल अशी जाळीची बादली लावा आणि मशीनवाल्याला तळ न खरवडण्याची ताकीद द्या.

माणसांची काळजी: अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो. नंतर पंधरा-वीस दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना तळ्यात उतरल्याचे आवर्जून सांगा. गमबूट, हातमोजे आणि होडीतल्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवेच. थराखाली खोली दिसत नाही, आणि जुन्या खाणींच्या खंदकांत तर काठाला लागूनच खोल पाणी असते. तिथे कोणालाही उतरवू नका. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या आसपास मगरी आहेत. तशा भागात काम करण्यापूर्वी वन खात्याला विचारा.

माशांकडे लक्ष: सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यातला प्राणवायू घटला आहे. गाळ ढवळल्याने असे होते. काम दोन दिवस थांबवा.

## टप्पा ७: काढलेला माल

काठावर निथळण्यापुरताच ठेवा आणि त्याच दिवशी हलवा. जागा पाण्यापासून निदान शंभर मीटर दूर हवी, पावसाचे पाणी जिथून तळ्याकडे किंवा पाटाकडे उतरत नाही अशी. टिपरवर ताडपत्री बांधा. वाटेत ओहळाच्या पुलावर सांडलेली मूठभर रोपे पुढच्या गावाचे तळे भरायला पुरतात.

मोठा ढीग करू नका. वरून करकरीत सुकलेल्या ढिगाच्या पोटात ओल असते आणि तिथले डोळे जिवंत राहतात. पातळ पसरा आणि रोज दाताळ्याने उलटा. चुरडल्यावर भुगा होईल इतके सुकले की मग शेणासोबत थर देऊन खत करा किंवा कुळागरात (बागायतीत) माडा-पोफळींच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका. तळ्यात सांडपाणी किंवा खाणीचे पाणी येत असेल तर ते खत भाजीपाल्याला घालू नका. साल्विनिया पाण्यातले जड धातू शोषून घेते.

जाळी, दाताळी, बूट, होडी सगळे तिथेच, नाल्यापासून दूर धुवा आणि दुसऱ्या तळ्यावर नेण्यापूर्वी चार-पाच दिवस उन्हात वाळवा. मासे पकडणाऱ्यांनाही हे सांगा. साल्विनिया एका तळ्यातून दुसऱ्यात जाते ती बहुतेकदा जाळ्यातूनच.

## भुंगेरे कधी, औषध का नको

तळे फार मोठे, बारमाही भरलेले आणि माणसांच्या आवाक्याबाहेरचे असेल तर सिर्टोबॅगस साल्विनी या भुंगेऱ्याचा विचार करा. हा जेमतेम २ मिलिमीटरचा काळा किडा फक्त साल्विनियावर जगतो. मोठे किडे कोवळे डोळे खातात, अळ्या खोड पोखरतात, थर तपकिरी होऊन बुडतो. भारतात तो १९८३-८४ मध्ये बेंगळुरूत प्रथम सोडला गेला आणि पुढे केरळात त्याने मोठे काम केले. मागणी कृषी खाते किंवा जुन्या गोव्याच्या संस्थेमार्फत बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे करायची. कोणाच्या तळ्यातली किडकी रोपे आपणच उचलून आणायची नाहीत.

इथेही दोन चुका नेहमी होतात. एक, भुंगेरे सोडले आणि पुढच्या महिन्यात सगळा थर काढून टाकला. मग किडे राहणार कुठे? अडसराने वेढलेला एक भाग त्यांच्यासाठी राखावा लागतो. दुसरी, दरवर्षी आटणाऱ्या तळ्यात ते सोडले. तिथे किडे टिकत नाहीत आणि हातकाढणीच बरी पडते. भुंगेऱ्यांना महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षे. जलपर्णीवर त्यांचा उपयोग नाही, तिचे किडे वेगळे.

तणनाशक फवारू नका. ग्लायफोसेटचा वापर केंद्राने २०२२ पासून परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. शिवाय एकदम मेलेला थर पाण्यातच कुजतो, प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. ज्या तळ्याचे पाणी गुरे पितात, शेताला जाते, त्यात हा प्रयोग नको.

## टप्पा ८: पाळत

काढणी संपल्यापासून आठ आठवडे दर आठवड्याला काठाची पूर्ण फेरी. फेरीला दोघे असावेत, एक काठावरून, एक होडीतून, आणि वेळ सकाळची, कारण वारा नसताना लहान रोपे पसरलेली दिसतात. या काळातच पहिला मोठा पाऊस येतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी जादा फेरी घ्या: वरून काय वाहून आले, अडसर जागेवर आहे का, मानशीच्या फटींत काय अडकले. चवथीच्या विसर्जनाआधी आणि नंतर एकेक फेरी. पाणी उतरू लागले की पुन्हा पंधरवड्याला, आणि पुढच्या मेपर्यंत महिन्याला.

प्रत्येक फेरीची नोंद वहीत ठेवा: तारीख, कोण गेले, कोणत्या काठाला किती रोपे, कुठून आली असावीत. एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा सापडत असतील तर वरच्या बाजूला कुठेतरी मूळ पुंजका शिल्लक आहे, तो शोधा. त्याच कोपऱ्यात सांडपाण्याचा नाला येत असेल तर पंचायतीत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सेप्टिक टँकचे पाणी येत राहिले तर वेचणी कधीच संपणार नाही. घरच्या टाकीतली किंवा मत्स्यपेटीतली शोभेची वनस्पती कोणी तळ्यात सोडत असेल तर त्यालाही घरी जाऊन समजवा.

फेरीत मूठभर रोपे सापडली तर ती त्याच वेळी उचलून पिशवीत घाला आणि उन्हात फरशीवर पसरा. त्या जागेभोवती पाच मीटरपर्यंतचे गवत हाताने बाजूला करून बघा. काठीला रंगीत चिंधी बांधून जागा खुणावून ठेवा आणि चार दिवसांनी पुन्हा तिथे जा, ठरलेल्या आठवड्याची वाट न बघता.